ओल्या रंगावरचा भंडारा

अकरा

शेडकार्ड सतरंजीवर मधोमध पसरलं होतं, आणि धाकट्या पप्पूच्या लग्नाला अठरा दिवस उरलेले असताना गोरडांचं घर त्याच्याभोवती पत्ते खेळायला बसल्यासारखं बसलं होतं. नवरदेव तेवढा हजर नव्हता. तो सूट शिवायला सांगलीला गेला होता, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. मधल्या खोलीच्या चौकटीचा रंग नवरदेवाला विचारून ठरत नसतो.

गोरडांची ही रीत मेंढरांमागचं पाल सोडून घर बांधलं तेव्हापासूनची. घरात लग्न निघालं, की देव ज्या खोलीत आहेत त्या मधल्या खोलीच्या चौकटीला आणि दाराला नवा ऑइलपेंट. तोही लग्नाच्याच दिवशी सकाळी. वरात दारात आली की नवरा-नवरीनं बिरोबाचं नाव घेऊन ओल्या रंगावर मूठमूठ भंडारा उधळायचा. लेक सासरी चालली असेल तर तिनं निघताना उधळायचा. जेवढा चिकटेल तेवढी बरकत. मग पुढचं लग्न, पुढचा रंग, पुढचा भंडारा. आजूबाजूचं घर बदललं, स्लॅब पडला, फरशी बसली, वर दोन खोल्या चढल्या. चौकट तीच राहिली. फक्त दर लग्नाला जरा जाड झाली.

"ह्यो बघा, गोल्डन," लालासाहेब म्हणाले. ते नवरदेवाचे चुलते, दोनदा उपसरपंच झाले होते, आणि घरातही सभा भरल्यासारखेच बोलत. "स्टेजबी गोल्डन, फेटेबी गोल्डन. एकदम म्याचिंग."

"पोपटी दे की रं," बनाबाई म्हणाल्या. त्या लालासाहेबांच्या थोरल्या बहीण. लग्नाआधी पंधरा दिवस माहेरी येऊन ठाण मांडायचा त्यांचा हक्क कुणी कधी नाकारला नव्हता. "माझ्या लग्नात पोपटी हुता. आजून तसा रंग कुणाच्या लग्नाला झाला न्हाई."

"आक्का, पोपटी आता पोपटसुदिक लावत न्हाईत."

"तात्या, नवा रंग नंतर," प्रांजल म्हणाली. ती घरातली थोरली सून, दाराशी उभी होती, चौदा महिन्यांच्या लेकीला, राजीला कडेवर घेऊन. "आधी जुना काढायचा."

"काढायचा म्हंजी?"

"खरवडून. लाकूड दिसेपर्यंत."

बनाबाईंनी शेडकार्डावरचं बोट उचललं. मल्हारनं बायकोकडं पाहिलं, मग आईकडं, मग मोबाइलकडं. मोबाइलमध्ये काही नव्हतं.

प्रांजलनं हे वाक्य गेले चार दिवस मनात घोकलं होतं. राजी उभी राहायला लागल्यापासून तिला घरात एकच टेकू आवडायचा, तो म्हणजे ही चौकट. दोन्ही हातांनी धरायची आणि वरच्या दोन, खालच्या दोन दातांनी कोपरा कुरतडायची. आधी सगळे हसले. मल्हारनं व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ पाहतानाच प्रांजलला लेकीच्या खालच्या ओठावर चॉकलेटी कपचा दिसला होता, आणि त्या कपच्याच्या कडेला गुलाबी, निळी रेघ. त्या रात्री तिनं व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. माहेरी साताऱ्याला गेल्यावर डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. राजीच्या रक्तातही निघालं. आठ. पाचाच्या खाली हवं.

"डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण थांबवायला हवं. पोटात जायचं बंद झालं की आपोआप उतरेल," तिनं सांगितलं. हे सांगताना आपला आवाज घाबरल्यासारखाच येतोय, हे तिला कळत होतं.

"शिसं!" लालासाहेब हसले. "आगं, आमी शिसपेनी चघळून दहावी झालो."

"शिसपेनीत शिसं नसतं, तात्या. ग्राफाइट असतं."

"घ्या. बीएस्सी बोलली."

"अन् तू कवा झालास रं दहावी?" बनाबाई म्हणाल्या. "तीनदा बसलास. तिसऱ्यांदा मास्तरच कटाळलं."

"आक्का, विषय काय हाय, तू बोलतीस काय!" लालासाहेबांनी मोर्चा पुन्हा सुनेकडं वळवला. "प्रांजल, ह्या घरातला माणूस लांडग्याशी झुंजलाय. कोकणात, काळ्याकुट्ट अंधारात, एकटा. दादाच्या हातावरची खूण बघ. आठ मेंढरं गेली, पर कळप वाचवला. अन् त्येच्या सुनेनं चौकटीच्या रंगाला भ्यायचं?"

अर्जुना आबा, लालासाहेबांचे हे थोरले भाऊ आणि प्रांजलचे सासरे, भिंतीला टेकून बसले होते. लांडग्याचा विषय निघाला की ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढली आणि छताकडं पाहिलं. नम्रपणा, असं सगळे म्हणत.

आतापर्यंत प्रांजलच्या सासूबाई, धोंडुबाई, बोलल्या नव्हत्या. त्या लसूण सोलत होत्या, आणि सोलणं थांबलं तसं सगळ्यांचं लक्ष गेलं.

"रंग गेला तर जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर त्यातला भंडारा? पाच लग्नांचा भंडारा हाय त्या चौकटीत. त्यो केराच्या डब्यात टाकू व्हय मी? पप्पूचं लग्न तोंडावर असताना?"

प्रांजलनं राजीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जे शेवटी बोलायचं होतं ते आधीच बोलून टाकलं.

"मग मी हिला घेऊन साताऱ्याला राहते. लग्नाला येईन आई, सगळं करीन. पण ती चौकट अशी असेपर्यंत हिला या घरात झोपवणार नाही."

लसणाची एक पाकळी सतरंजीवर घरंगळली. ती पकडायला राजी वाकली.

"मला वाटतं, काढावा रंग," बनाबाई अचानक म्हणाल्या.

लालासाहेबांनी बहिणीकडं संशयानं पाहिलं. "तुला कवापासनं शिसं कळाय लागलं?"

"शिसं-फिसं मला ठावं न्हाई. पर वरचं सगळं काढलं, की माझा पोपटी दिसंल का न्हाई? वीस वर्सं झाली बघून."

निकाल आबांनी दिला, आणि त्यात ना भंडारा होता ना शिसं. "दार लागत न्हाई," ते म्हणाले. "खांदा लावावा लागतूय. दोनदा रंधा मारला, आता मारायला दार उरलं न्हाई. मौलाला बोलवा."

*

मौलाभाई तासाभरात आले ते हातात रंग खरवडायची पत्ती, रिमूव्हरचा डबा आणि मनात शंका घेऊन. त्यांच्या वडिलांनी ही चौकट घडवली होती आणि पहिला रंगही त्यांनीच दिला होता. पुढचे बहुतेक मौलाभाईंच्या हातचे.

"मी आजवर रंगावर रंगच देत आलो," ते म्हणाले. "खाली जायची पयलीच येळ. वैनी, आत काय निघंल ते मला इचारू नका."

"भंडारा निघंल," धोंडुबाई म्हणाल्या, आणि चौकटीपासून चार हातांवर पाट मांडून बसल्या. देखरेखीला.

प्रांजलचे नियम मौलाभाईंनी नवीन दिवाणजीचं ऐकावं तसे ऐकून घेतले. कोरडं घासायचं नाही, धूळ उडते. आधी रिमूव्हर, मग फुगलेला रंग ओल्या फडक्यावर उतरवून घ्यायचा. खाली प्लॅस्टिक. खिडक्या उघड्या. राजी वरच्या खोलीत, तिचा बाप तिच्याजवळ आणि जिन्याला आडवी खुर्ची. "अन् तोंडाला मास्क," तिनं सांगितलं, तेव्हा मौलाभाईंनी लालासाहेबांकडं बोट दाखवलं. "ह्यांनाबी?"

लालासाहेब गंमत बघायला आले होते. त्यांनी मास्क लावला, पण मिशीचे आकडे दोन्ही बाजूंनी बाहेर राहतील असा.

वरचा चॉकलेटी सुरकुतला आणि सायीसारखा निघाला. हा मल्हार-प्रांजलच्या लग्नाचा. त्याच्या पाठीला पिवळे कण चिकटलेले, बारीक, तिळासारखे. आपल्या वेळी वारं उलटं फिरलं होतं आणि निम्मा भंडारा आपल्या डोळ्यांत गेला होता, हे प्रांजलला आठवलं; सासूबाईंनी तोही बरकतीत धरला होता. चार वर्षांचं लग्न, अर्ध्या तासात फडक्यात. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. मग जरा वाटलं.

त्याखाली गुलाबी. "आपल्या सोनमचा," बनाबाई म्हणाल्या. सोनम म्हणजे मल्हारची बहीण, दिलेली पाचगणीला. "मंडप उडाला हुता तिच्या लग्नात."

गुलाबी गेला आणि निळा आला. मोरपिशी नव्हे, आकाशी नव्हे; एसटीच्या थांब्याच्या बाकड्याला असतो तसला निळा. लालासाहेब खुर्चीवरून उठले.

हा त्यांचा. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तो स्वतः विट्यातून आणला होता, कारण त्या वर्षी त्यांची पहिली निवडणूक होती आणि चिन्हाच्या पाटीला जो डबा फोडला होता त्यातलाच उरला होता. निवडणूक हरले. लग्न टिकलं. रंग पाटीतला उरलेला होता, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. निळ्यावर एका जागी भंडाऱ्यात चार बोटं स्पष्ट उमटली होती. नव्या नवरीनं तोल जाऊन हात टेकला होता. त्या दिवशी सगळे हसले होते आणि तिनं दिवसभर तो निळा हात पदराखाली लपवला होता.

"मौला, जरा थांब," ते म्हणाले. मास्क खाली ओढला. खिशातून मोबाइल काढला आणि फोटो घेतला. मग गावभर आवाज जाईल अशा सुरात म्हणाले, "रेकॉर्डला असावा. चालू दे."

"डोळ्यात काय गेलं रं?" बनाबाईंनी विचारलं.

"रिमूव्हर. लय उग्र हाय."

दुपारी एक वाजता पोपटी उघडा पडला, आणि बनाबाईंनी मौलाभाईंना चक्क जेवायला पाठवून दिलं. पाट चौकटीला लावला आणि नव्या साडीकडं बघावं तशा त्या बघत बसल्या. मग तोंड वाकडं केलं.

"वैनी, ह्यो असाच हुता?"

"असाच हुता."

"मला वाटायचं, चांगला हुता."

*

धोंडुबाईंचं लक्ष रंगाकडं नव्हतंच. ओलं फडकं भरलं की मौलाभाई ते प्लॅस्टिकवर झटकत, आणि धोंडुबाई शेणी वेचावी तशा निगुतीनं त्यातले पिवळे कपचे वेचून परातीत घेत. सून स्वयंपाकघरात असली की. सून आली की परात पदराखाली.

त्यांच्या डोक्यात हिशोब सरळ होता. पोरीच्या अंगात काहीतरी शिरलंय. डॉक्टर म्हणतो शिसं, म्हणू दे. अंगात शिरलेलं काढायला भंडाऱ्यासारखं दुसरं काही नाही, आणि साधा भंडारा परवा लावलाच होता, गुण आला नव्हता. हा मात्र पाच लग्नांचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं देवासमोर मुरलेला. लोणचं मुरतं तर भंडारा मुरणार नाही? सुनेनं चौकट खरवडायला लावली ती एका अर्थी बिरोबाचीच इच्छा. औषध चौकटीत होतं आणि पोर ते दातांनी शोधत होती.

जेवणं झाल्यावर त्यांनी कपचे पाट्यावर वाटले. गुलाबी, निळे, पिवळे सगळे एक होऊन मातकट पिवळी पूड झाली. ती त्यांनी देवाच्या भंडाऱ्याच्या वाटीत मिसळली, वाटी पदराखाली धरली आणि जिन्यातली खुर्ची बाजूला सारून वर गेल्या. मल्हार पोरीशेजारी घोरत होता. राजी जागी होती, पायाचा अंगठा तोंडात घालून.

"आली का माझी बाय ती," धोंडुबाईंनी तिला मांडीवर घेतलं. कपाळाला आडवं बोट ओढलं. दुसऱ्या बोटावर चिमूट घेतली. "आ कर. बिरोबाच्या नावानं चांगभलं."

राजीनं आ केला. आजीनं आ कर म्हटल्यावर आजवर गूळच आला होता.

आणि धोंडुबाईंचं मनगट हवेतच धरलं गेलं.

"आई, काय आहे ते?"

"भंडारा."

"वाटीतला? की चौकटीचा?"

धोंडुबाई खोटं बोलत नसत. आयुष्यात गरजच पडली नव्हती. "दोनीबी."

प्रांजल ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. मल्हार दचकून उठला तो थेट "हो, पुसतो" म्हणत, कारण स्वप्नातही त्याला तेच काम होतं. खालून लालासाहेब, बनाबाई, मौलाभाई जिन्याला आले. तोवर प्रांजलनं राजीचं कपाळ तीनदा पुसलं होतं, तोंडात बोट घालून हिरड्या पाहिल्या होत्या, आणि सासूचं मनगट मात्र अजून सोडलं नव्हतं. कसं सोडायचं तेच तिला सुचत नव्हतं.

"माझा हात धरला हिनं," धोंडुबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही. बनाबाईंना सांगावं तसं.

"सोड हात," लालासाहेब गरजले. "सकाळपासनं बघतूय मी. मास्क लावा, खुर्ची लावा, आता वैनीचा हात धरा! वैनीनं लहानाचं मोठं केलंय मला. आईच्या अंगावर दूध नव्हतं तवा वैनीनं शेळीचं दूध पाजलंय वाटीवाटीनं!"

"मीबी म्हणत हुते काढू नका रंग," बनाबाई म्हणाल्या.

"आक्का, तूच म्हणालीस काढा म्हणून."

"माझ्या पोपटीपत्तोर म्हणाले हुते."

प्रांजलनं मनगट सोडलं. कपाटातून राजीचे कपडे काढून बॅगेत टाकायला लागली. झबली, दुपटी, औषधाची बाटली, पुन्हा झबली. "मल्हार, साडेचारची गाडी आहे. मला स्टँडवर सोड."

"आगं ऐक तरी..."

"मी ऐकलंच आहे. चार वर्षं." मग ती थांबली. बॅगेत तिनं शेडकार्डही टाकलं होतं. ते काढून तिनं बाजूला ठेवलं, आणि डोळे पुसले. "आई, तुम्ही तिचं वाईट करणार नाही, मला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते. वाईट करणाऱ्यावर लक्ष ठेवता येतं."

जिन्यात काठीचा आवाज आला. आबा एकेक पायरी चढत होते. वर पोचल्यावर त्यांनी वाटी उचलली, वास घेतला, बोटानं पूड चोळून पाहिली.

"त्यो लांडगा न्हवता," ते म्हणाले.

कुणालाच कळलं नाही.

"कोकणातला. लांडगा न्हवता त्यो."

"मग काय, वाघ?" लालासाहेबांनी आशेनं विचारलं.

"पूल." आबा पलंगाच्या कडेवर बसले. "चिपळूणच्या अलीकडं वढ्यावरला लोखंडी पूल. रंगवायचं काम चाललं हुतं, शेंदरी रंग. आमचा तळ पुलाखालीच. मेंढरांना मिठाची वखवख. खाली सांडलेला रंग चाटत बसली. मी बघतूय. मला वाटलं, चाटू दे, काय हुतंय. दोन दिसांनी एक मेंढी गोल फिराय लागली. दात खाती, डोळं हायत पर दिसंना. मग दुसरी. मी म्हनलं, कुणीतरी मूठ मारली. भंडारा लावला. रोज लावला, दोन टायमाला. आठीच्या आठ गेल्या. ढोरांचा डाक्टर आला, त्यो म्हनला, शिसं."

खोलीत राजीच्या चप्‌चप् अंगठा चोखण्याचा आवाज चालू होता. आबांनी वाटी खाली ठेवली.

"घरी येऊन काय सांगू? म्हाताऱ्याला काय सांगू, की तुझ्या पोरानं डोळ्यांदेखत आठ मेंढरं रंग चाटून मारली? म्हनलं, लांडगा आला हुता."

"अन् हातावरची खूण?" लालासाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"बाभळीचं कुपाण. परत येताना घसरलो."

लालासाहेब पायरीवर बसले. या लांडग्यावर त्यांनी दोन निवडणुका लढवल्या होत्या. "दादा, मी भाषणात सांगितलंय रं. हात वर करून सांगितलंय."

"मी कवा सांगितलं, सांग म्हणून?" आबा म्हणाले. मग सुनेकडं वळले. "त्यो रिपोर्ट-बिपोर्ट मला वाचता येत न्हाई, पोरी. तू सकाळीच मेंढराचं नाव काढलं असतंस तर मी तवाच उठलो असतो."

प्रांजलला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. धोंडुबाई मात्र तशाच बसून होत्या, हात मांडीवर पालथे.

"मेंढराची गोष्ट मेंढराला," त्या म्हणाल्या. "माणसाचं पोर काय मेंढरू न्हाई. भंडाऱ्यानं कुणाचं वाईट झालेलं मी बघितलं न्हाई."

बॅगेची चेन अर्धी लागली होती. प्रांजलनं ती पुढं ओढली नाही, मागंही नाही.

*

"वैनी, जरा खाली येता का?" मौलाभाई कधी खाली गेले ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचं काम अर्धवट राहिलं होतं आणि रिमूव्हर सुकला असता. "इथं काईतरी हाय. लांबी भरलीया कुणीतरी."

पोपटी निघाला होता. त्याखाली सगळ्यांत जुना, तांबडा; अर्जुना-धोंडुबाईंच्या लग्नाचा. जमिनीपासून दीड हातावर, चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, तांबड्यावर आणि पोपटीच्या खाली, लाकडातल्या खाचा बुजवायला भरतात त्या लांबीचं एक लांबट ठिगळ होतं. मौलाभाईंनी ते ओलं करून पत्तीच्या टोकानं उचललं. खालून तांबडा नव्हताच. उघडं लाकूड होतं, आणि लाकडात ओळीनं बारीक खाचा. वर दोन, खाली दोन. वर दोन, खाली दोन.

"ही लांबी आब्बांच्या हातची," मौलाभाई म्हणाले. "पोपटी द्यायला ते आले हुते का मी, ते आता आठवत न्हाई. पर ही लांबी त्यांचीच."

"उंदीर?" मल्हार म्हणाला.

"उंदराचं दात दीड हातावर पोचत्यात व्हय, शिकलेल्या?" बनाबाई गुडघ्यावर बसल्या. "तांबड्याच्या नंतर, अन् माझ्या लग्नाच्या आधी. तवा घरात..." त्या थांबल्या आणि हळूहळू मान वर केली. घरातली सगळी मान वर करून त्याच दिशेला बघत होती.

"माझ्याकडं काय बघताय?" लालासाहेब म्हणाले.

"तवा घरात एकच पोर हुतं, लाला."

"कशावरनं माझे? पाहुण्यापैकी कुणीतरी खाल्लं आसंल!"

"पाहुणा जेवायला येतूय, चौकट खायाला न्हाई," आबा म्हणाले.

"अरं, म्हणून तू तीनदा दहावीला बसलास!" बनाबाई टाळ्या पिटत म्हणाल्या. "आई उगाच मास्तरांना शिव्या द्यायची!"

मौलाभाई तोंड फिरवून फडकं पिळायला लागले. मल्हार भिंतीला धरून हसत होता. लालासाहेबांनी खाली वाकून पाहिलं, नकळत आपल्या दातांवरून जीभ फिरवली, आणि त्यावरून बनाबाई पुन्हा सुटल्या.

धोंडुबाई हसल्या नाहीत. त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी बोट त्या खाचांवर ठेवलं.

त्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. सासू रानात, नवरा कोकणात, आणि हा एवढासा दीर त्यांच्या गळ्यात. स्वयंपाक करताना त्याला इथंच, या कोपऱ्यात उभा करायच्या. इथून चूल दिसायची. कुरतडत उभा राहायचा गुमान. मग सांजेला पोट धरून रडायचा. रोज. कळवळायचा अगदी. आणि त्या काय करायच्या? देवापुढची वाटी घ्यायच्या. कपाळाला बोट, जिभेवर चिमूट. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा इथंच आणून उभा करायच्या.

"तुला लय पोट दुखायचं," त्या म्हणाल्या.

"मला?" लालासाहेब हसता हसता थांबले.

"दोन वर्सं. मग वन्संच्या लग्नाला मौलाभाईंच्या आब्बांनी हे बुजवलं अन् वरनं रंग दिला. तुला त्यो वास नको वाटायचा, म्हणून तू तिकडं जाईनास. मग थांबलं." त्यांनी बोट काढलं आणि पदराला पुसलं. मग पदराकडं पाहिलं. "मला वाटलं, भंडाऱ्यानं थांबलं. मी बिरोबाला नारळ फोडला."

बनाबाईंनी टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

"वैनी," लालासाहेब शेवटी म्हणाले, "मी जगलो की. अन् दोनदा उपसरपंचबी झालो."

"सरपंच न्हाई झालास," धोंडुबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

त्या वर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात देवाची वाटी होती, आणि स्वयंपाकघरातून आणलेला वरवंटा. "मौलाभाई, रिकामा डबा हाय का? झाकणाचा?" चॉकलेटी रंगाचा जुना डबा होता. त्यात त्यांनी वाटी उपडी केली, वरून परातीतले उरलेले कपचे, फडकी, प्लॅस्टिक, सगळं. झाकण वरवंट्यानं चारी बाजूंनी ठोकून बसवलं. देवघरातून ताजा भंडारा आणून झाकणावर पाच बोटं ओढली.

"माळ्यावर ठेवा," त्यांनी मल्हारला सांगितलं. "पार आत. देव हायत त्यात, पर अंगाला लावायचं न्हाईत."

प्रांजल पायरीवर उभी राहून हे बघत होती. तो डबा माळ्यावरही नको, त्याची वेगळी विल्हेवाट लावायला हवी, तालुक्याला विचारायला हवं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं उद्यावर टाकलं. "आई, पाटा चिकणमातीनं आणि साबणानं..."

"पाटा मी आताच न्हाणीत नेऊन ठिवलाय. आज चटणी न्हाई कुणाला."

संध्याकाळी पाचपर्यंत मौलाभाईंनी तांबडाही उतरवला. खाली सागवान निघालं, मधाच्या रंगाचं, रेषारेषांचं. एवढ्या वर्षांत ते कुणी पाहिलंच नव्हतं. दार बोटानं ढकललं तरी लागलं. आबांनी ते सहा वेळा उघडून लावून पाहिलं. लालासाहेब म्हणाले, लग्नाला असंच ठेवू, नुसतं तेल लावू, आजकाल शहरात असंच चालतं. आणि ही कल्पना त्यांचीच होती असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. भंडारा? लाकडावर उधळायचा. चिकटंल तेवढा चिकटंल.

साडेचारची गाडी निघून गेली होती. मल्हारनं बॅगेतली झबली पुन्हा कपाटात लावून ठेवली.

प्रांजलनं फरशी दोनदा पुसली, चौकट दोनदा पुसली. मौलाभाईंचा चहा झाला; आपला कप तिनं पायरीशेजारच्या ओट्यावर ठेवला. मग ती पाणी बदलायला मोरीत गेली, आणि पाणी भरता भरता तिनं कान टवकारले. राजीचा आवाज नाही. ती बादली तशीच टाकून धावत आली.

राजी कुणाच्या तरी हातून सुटली होती. मधल्या खोलीच्या दिशेनं, दोन्ही हात पुढं करून, थबकत, डुलत, सरळ त्या कोपऱ्याकडं निघाली होती. तोंड आधीच उघडलेलं.

"ए बाय! थांब!"

धोंडुबाईंनी पाटावरून उठून तीन ढांगांत नातीला गाठलं. तिला उचलून खांद्यावर टाकलं. तिची बोटं एकेक करून पदरानं, मग पदर बघून ओल्या फडक्यानं पुसली, आणि दारातल्या सुनेकडं डोळे वटारून पाहिलं.

"कुटं लक्ष असतंय गं तुझं? तिसऱ्यांदा पुसायचं राहिलंय आजून!"

"हो आई," प्रांजल म्हणाली.

आणि तिथंच पायरीवर बसून तिनं ओट्यावरचा आपला चहा घेतला. तो अजून गरम होता. राजी जन्मल्यापासून पहिल्यांदा.